काठावरची मेहनत

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मिळालं आणि मी ते दोनदा वाचलं. त्यातलं एक वाक्य डोक्यातून जात नाही. तू लिहिलंयस, ‘पाण्यात असते तेव्हा मला ऐकू येत नाही हे माझ्या लक्षातही नसतं, बाहेर आले की लगेच लक्षात येतं.’ तुझ्या वयात मलाही हेच वाटायचं, पण इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

मी कुठपर्यंत जाईन, असं तू विचारलंयस. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुला पोहताना मी पाहिलेलं नाही, आणि पाहिलं असतं तरी सोळाव्या वर्षी कुणाचं पोहणं बघून त्याचं पुढचं सगळं भाकीत करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण त्या वाक्यावरून एवढं कळतं की तुझी अडचण पाण्यात नाही, काठावर आहे. माझीही तिथेच होती. मी वीस वर्षं स्पर्धेत पोहले आणि त्यातली पहिली दहा वर्षं सगळी मेहनत पाण्यातच ओतत राहिले. काठावर मान खाली घालून उभी राहायचे. तुझी ती दहा वर्षं वाचावीत म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

आधी पाण्याचं बोलू, कारण तिथे तुला कुणाच्या दयेची गरज नाही. डोकं पाण्याखाली गेलं की धड ऐकू कुणालाच येत नाही. कानांवर टोपी, वर पाण्याचा खळखळाट. श्वासासाठी तोंड वर येतं तेवढ्यात कोच काय ओरडले ते कळत नाही, असं माझ्याबरोबर पोहणाऱ्या मुली मला कितीदा तरी सांगायच्या. पाण्याची पकड हाताला कळते. खालची काळी रेघ डोळ्यांना दिसते. बॅकस्ट्रोकमध्ये भिंत जवळ आली हे ५ मीटर अलीकडे टांगलेल्या पताका सांगतात. रिलेचंच बघ ना. पहिली मुलगी सोडली तर बाकीच्या तिघी कुठल्याही आवाजावर सुटत नाहीत. येणाऱ्या मैत्रिणीचा हात भिंतीकडे येताना बघायचा आणि सुटायचं. म्हणजे रिलेचे तीन टप्पे सगळं जग डोळ्यांवरच पोहतं.

जेफ फ्लोट हे नाव लक्षात ठेव. अमेरिकेचा हा जलतरणपटू तेरा महिन्यांचा असताना मेंदूज्वराने त्याचं बरंचसं ऐकणं गेलं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४ × २०० मीटर फ्रीस्टाइल रिलेत तो तिसरा पोहला. शेवटच्या टप्प्यात पश्चिम जर्मनीकडून मायकेल ग्रॉस उतरणार होता, त्या काळचा जवळजवळ अजिंक्य माणूस. त्याच्यापुढे आपल्या शेवटच्या गड्याला, ब्रूस हेजला, थोडी तरी आघाडी मिळवून देणं हे पहिल्या तिघांचं काम होतं. ग्रॉसने ती सगळी भरून काढली आणि तरीही अमेरिका ०.०४ सेकंदाने जिंकली. ७ मिनिटं १५.६९ सेकंद, विश्वविक्रम. स्पर्धेत प्रेक्षकांचा गजर आपल्याला पहिल्यांदा ऐकू आला तो त्या दिवशी, असं फ्लोटने नंतर सांगितलं. ही गोष्ट वाचली की मला अजून भरून येतं, आणि का ते पुढे कळेल तुला.

ते ०.०४ सेकंद धरून ठेव, कारण आता काठावर यायचंय.

स्पर्धेच्या चांगल्या तलावात प्रत्येक ब्लॉकपाशी, म्हणजे ज्यावरून उडी मारतो त्या ओट्यापाशी, छोटा स्पीकर असतो. तो का असतो, हे तू कधी कुणाला विचारलंयस? हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. लेन अडीच मीटर रुंद असते. स्टार्टर, म्हणजे शर्यत सोडणारा पंच, पहिल्या लेनच्या बाजूला उभा राहिला आणि एकाच भोंग्यावर शर्यत सुटली, तर आठव्या लेनपर्यंत आवाजाला सतरा-अठरा मीटर जास्त जावं लागतं, म्हणजे सुमारे ०.०५ सेकंद. आठव्या लेनवर हा अन्याय आहे, हे ऐकू येणाऱ्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी ब्लॉकपाशी स्पीकर बसवले. त्याला सवलत असं कुणी म्हणत नाही. आठव्या लेनमधली मुलगी त्याबद्दल कुणाचे आभार मानत नाही.

कर्णबधिरांना सुटण्यासाठी लावतात तो दिवा हा तुझा स्पीकर आहे. स्टार्टरने बटण दाबलं की आवाज आणि प्रकाशाचा झोत एकाच वेळी सुटतात. एवढंच ते आहे. खरं सांगायचं तर दिव्यानेही पुरती बरोबरी होत नाही. माणसाचं शरीर आवाजाला ०.१५ सेकंदाच्या आसपास उत्तर देतं आणि प्रकाशाला जरा उशिरा, साधारण ०.१९ च्या आसपास. फरक पुन्हा तेच चार शतांश. तेव्हा दिवा मागताना आपण काहीतरी जास्तीचं मागतोय असं मनात येऊ देऊ नकोस.

मी मागत नव्हते. त्याची किंमत काय झाली ते सांगते.

मी अठरा वर्षांची होते. २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, लेन पाच. दिवा नाही, हाताचा इशारा नाही, मी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. माझी पद्धत ठरलेली होती. ब्लॉकवर वाकून डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारणीच्या गुडघ्याकडे बघायचं, तो हलला की सुटायचं. वर्षानुवर्षं मी अशी शेजारणीच्या गुडघ्यावर सुटत आले होते आणि दर वेळी तिच्या मागे पडत होते. त्या दिवशी ती लवकर हलली. चूक तिची होती, पण तिच्यापाठोपाठ मीही पाण्यात. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पहिल्या चुकीला सगळ्यांना परत बोलावत. भोंगा पुन्हा वाजला, पोहणाऱ्यांना अडवायची १५ मीटरवरची दोरी पाण्यात सोडली, पण सोडणाऱ्याला उशीर झाला. ती माझ्या पायांमागे पडली.

मी पोहत राहिले. पहिला टर्न घेतला आणि पाण्याखालून बाजूला नजर गेली. दोन्हीकडे पाणी मोकळं. एकही पाय नाही, एक बुडबुडा नाही. मला वाटलं, मी इतकी पुढे आहे. अंगात काहीतरी उसळलं ते मला अजून आठवतं. पुढच्या पन्नास मीटरमध्ये दर श्वासाला डोकं वर यायचं आणि काठ दिसायचा. माणसं उभी होती, दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवत होती. सगळा तलाव माझ्यासाठी उभा राहिलाय असं मला वाटलं. शंभर मीटरच्या भिंतीपाशी कुणीतरी माझ्या तोंडासमोर पाण्यात किकबोर्ड खुपसला, तेव्हा मी थांबले. बाकी सातजणी टॉवेल गुंडाळून ब्लॉकमागे उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

दहा मिनिटांनी शर्यत पुन्हा झाली. हात मेलेले होते, सातवी आले. त्या रात्री मी रडले ती हरल्यामुळे नाही. ती माणसं माझ्यासाठी हात हलवत नव्हती म्हणून रडले. सरांनी नंतर एका कागदावर फक्त एक प्रश्न लिहून पुढे सरकवला : ‘दिवा का मागितला नाहीस?’ मी त्याखाली लिहिलं, ‘मला वेगळं दिसायचं नव्हतं.’ लिहिताना लिहिलं आणि मग वाचलं. त्या दिवशी भर तलावात माझ्याइतकं वेगळं कुणीच दिसलं नसेल.

तेव्हा तुझ्या पुढच्या स्पर्धेपासून हे कर. प्रवेश अर्ज भरतानाच लिहून दे की मी कर्णबधिर आहे, सुटण्यासाठी दिवा किंवा हाताचा इशारा लागेल. स्पर्धेच्या सकाळी वॉर्म-अपच्या आधी रेफरी आणि स्टार्टर यांना स्वतः भेट. आईला पाठवू नकोस. आई बरोबर उभी राहू दे, पण बोलायचं तू, किंवा लिहून दाखवायचं तू. मोठ्या अक्षरांतलं एक कार्ड बनवून ठेव. पंच बहुतेक वेळा मदतच करतात गं, फक्त त्यांना ते शर्यतीच्या दोन मिनिटं आधी कळलं की त्यांची धांदल उडते आणि मग आपल्याला वाटतं ते नाखूष आहेत.

दिवा कुठे ठेवलाय हे स्वतः ब्लॉकवर चढून, पूर्ण वाकून बघ. उभं राहून दिसतो आणि वाकल्यावर दिसत नाही, ही नेहमीची चूक. ‘टेक युअर मार्क्स’ या तयार होण्याच्या हुकुमानंतर मान खाली जाते. त्या अवस्थेत मान न वळवता जो प्रकाश डोळ्यांत येतो तोच कामाचा. बॅकस्ट्रोकला तू भिंतीकडे तोंड करून पाण्यात असतेस, तेव्हा तोच दिवा तिथे निरुपयोगी असतो. तो उचलून ब्लॉकपाशी, तुझ्या नजरेच्या टप्प्यात आणावा लागतो. शर्यत बदलली की जागा बदलायची, हे स्टार्टरला आधी सांगून ठेव. दिवा नसेल तर हाताचे इशारे ठरवून घे. लांब शिट्टीला हात सरळ वर, ‘टेक युअर मार्क्स’ला हात खांद्याच्या रेषेत आडवा, तळवा खाली, आणि भोंग्याबरोबर हात झटकन खाली. स्टार्टर तुला दिसेल अशा बाजूची लेन मिळते का तेही विचार, काही ठिकाणी मिळते. सगळ्यांना परत बोलावलं तर मला कोण थांबवणार, हेही विचारून घे. त्या हीटनंतर हा प्रश्न मी प्रत्येक स्पर्धेत विचारला, अगदी शेवटच्या स्पर्धेपर्यंत.

८०० आणि १५०० मीटरला शेवटच्या दोन लांबी उरल्या की घंटा वाजते. ती तुझ्यासाठी नसल्यासारखीच. लॅपचा आकडा दाखवणाऱ्या पंचाला सांग की त्या वेळी पाटी पाण्यात खाली धरून हलवा. आणि हीटच्या यादीत ऐनवेळी बदल झाला तर तो माइकवरून सांगतात. कॉल रूमपाशी, म्हणजे शर्यतीआधी बसवतात त्या खोलीपाशी, एका माणसाला धरून ठेव, कुणालाही, जो तुझ्या खांद्याला हात लावून सांगेल. माझी एक शर्यत अशीच गेली. मी खुर्चीवर बसून होते आणि माझी हीट माझ्याशिवाय सुटली.

घरी, तुझ्या तलावावर, दिव्यावर सुटण्याचा सराव कर. ऐकू येणारी मुलं रोज भोंग्यावर सुटतात आणि आपण दिवा फक्त स्पर्धेत बघतो, मग शरीराला तो ओळखीचा कसा होणार? साधा टॉर्च चालतो. आठवड्यातून दोनदा, दहा-दहा वेळा सुटायचं. दिवा लागेपर्यंतचा वेळ दर वेळी वेगळा ठेवायला सांग, नाहीतर अंदाजाने सुटायची सवय लागते.

आता तुझ्या कोचबद्दल. ते चांगले आहेत पण बोलताना फळ्याकडे वळतात, असं तू लिहिलंस. मला हसूच आलं, कारण सगळेच वळतात. त्यांना माहीतच नसतं की त्यांची पाठ म्हणजे तुझ्यासाठी बंद दार आहे. त्यांना ओठांचं गणित समजावून सांग. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. ‘मार’ म्हणाले की ‘पार’ म्हणाले, ओठ तेच. क आणि ग तर घशातच राहतात. आणि ‘सात’ आणि ‘साठ’? मी एकदा साठ सेकंदांची विश्रांती सात समजून पूर्ण सेट काढला होता. सहाव्या फेरीला उलटी झाली. सरांना वाटलं मी तब्येत लपवतेय, मला वाटलं ते माझी परीक्षा बघतायत. त्यानंतर आमच्याकडे एक नियम झाला. आकडा तोंडाने नाही, बोटांनी किंवा फळ्यावर. हा एक नियम तू उद्याच मागून घे.

आणि मान हलवणं सोड. न कळताच ‘हो’ म्हणून मान हलवायची आपल्याला इतकी सवय असते की ती कधी हलली तेही कळत नाही. कळलं नाही तर ‘पुन्हा सांगा’ असंही म्हणू नकोस, कारण मग ते तेच वाक्य जरा मोठ्या आवाजात म्हणतात. तुला काय कळलं ते तू त्यांना सांग : ‘आठ वेळा पन्नास, एक मिनिटावर, बरोबर?’ चूक असेल तर ते दुरुस्त करतील. पाच सेकंदांचं काम आहे.

दक्षिण आफ्रिकेचा कर्णबधिर जलतरणपटू टेरेन्स पार्किन याचं नाव तू ऐकलं असशील. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये त्याने रौप्यपदक जिंकलं, २ मिनिटं १२.५० सेकंद. पुढे फक्त इटलीचा दोमेनिको फिओराव्हांती होता. पार्किन दिव्यावर सुटायचा. पण मला त्याच्या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. तो आणि त्याचे कोच ग्रॅहम हिल एकमेकांशी खुणांच्या भाषेत बोलत. हिल ऐकू येणारे आहेत. म्हणजे हिल यांनी काठावरचं अर्धं अंतर स्वतः चालून पार केलं होतं. तुझ्या कोचना सगळी भाषा येण्याची गरज नाही. वीस खुणा पुरतात : कोपर वर, पाय बंद, लवकर श्वास, पुन्हा, छान, थांब. त्या तू शिकव. रोज एक. शिकवायला लाजू नकोस, कोचना नवं शिकायला आवडतं. आणि एक फायदा त्यांनाही होतो. तलावाच्या त्या टोकावरून इतर मुलांना ओरडून सांगता येत नाही ते तुला हाताने सांगता येतं. माझे सर शेवटी शेवटी सगळ्याच मुलांशी हातांनी बोलायला लागले होते.

पेस क्लॉक, म्हणजे काठावरचं सरावाचं मोठं सेकंदकाट्याचं घड्याळ, वाचण्यात मात्र तू आत्ताच सगळ्यांपेक्षा पुढे असशील, पैज लावते. बाकीच्यांना वेळ ओरडून सांगतात, तू स्वतः वाचतेस. त्याने अंगात एक घड्याळ बसतं. दोनशेच्या शर्यतीत तिसऱ्या पन्नासला जेव्हा सगळ्यांचा अंदाज चुकतो, तेव्हा ते घड्याळ कामाला येतं. ते जप.

आता जे तू लिहिलं नाहीस पण मला दिसलं, त्याबद्दल. सेट संपतो, सगळ्याजणी भिंतीला धरून धापा टाकतात आणि कुणीतरी काहीतरी बोलतं. सगळ्या हसतात. तू विचारतेस, काय झालं? आणि उत्तर येतं, ‘काही नाही गं, सोड.’

हे ‘काही नाही, सोड’ मी किती हजार वेळा ओठांवर वाचलं असेल! ते वाचायला मला कधीच चूक झाली नाही. कुणी वाईट हेतूने म्हणत नाही. दहा सेकंदांत पुढची फेरी सुटणार असते, विनोद पुन्हा सांगितला की मरतो, टोपी-गॉगलमध्ये सांगायचा कंटाळा येतो. पण रोज दोन तास, आठवड्याला सहा दिवस ‘काही नाही’ ऐकलं की हळूहळू आपणच काही नाही असं वाटायला लागतं. मला वाटतं, कर्णबधिर मुली पोहणं सोडतात त्या स्टार्टमुळे किंवा वेळेमुळे कमी आणि या एका वाक्यामुळे जास्त. माझ्यासोबतच्या एकीने याच कारणाने सोडलं. ती माझ्यापेक्षा वेगवान होती.

यावर रामबाण उपाय मला सापडला नाही. एवढं जमलं : एका मुलीला सगळं सांगितलं. गटाला नाही, एकीला. ‘तुम्ही हसता तेव्हा मला वाटतं माझ्यावर हसता. विनोद फुटकळ असला तरी मला सांगत जा.’ तिचा चेहरा उतरला, कारण तिने हे कधी मनातही आणलं नव्हतं. त्यानंतर ती पाण्यात माझ्या शेजारची लेन धरायची आणि भिंतीशी मला हातांनी सगळं सांगायची. बोटांनी हवेत अक्षरं काढायची. अजून आम्ही दोघी भेटलो की तशाच बोलतो. तुझ्या लेनमध्ये अशी एक असेल. बघून ठेव.

आणि कर्णबधिर खेळाडूंमध्ये जा. तू लिहिलंस की तिकडे गेले तर माझी पातळी घसरेल, लोक म्हणतील हिने सोपा रस्ता धरला. ही भीती मलाही होती, म्हणून मी उशिरा गेले, आणि त्याची हळहळ आजही आहे. पार्किन आणि फ्लोट दोघेही दोन्हीकडे पोहले. १९७७ मध्ये बुखारेस्टला कर्णबधिरांच्या जागतिक स्पर्धेत फ्लोटने दहा सुवर्णपदकं घेतली आणि सात वर्षांनी तो ऑलिंपिकच्या रिलेत होता. दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात मावतं. पॅरालिंपिकमध्ये आपल्यासाठी गट नाही, हे तुला माहीत असेलच. आपली स्पर्धा वेगळी आणि जुनी आहे. ऑगस्ट १९२४ मध्ये पॅरिसला नऊ देशांचे कर्णबधिर खेळाडू जमले, ती पहिली. युजीन रुबेन्स-अल्कैस या कर्णबधिर माणसाने ती उभी केली. पोहणं तिथे पहिल्या दिवसापासून आहे. २००१ पासून तिला डेफलिंपिक्स म्हणतात आणि २०२५ मध्ये ती टोकियोला झाली. चांगल्या कानाला निदान ५५ डेसिबलची श्रवणहानी ही तिथली अट. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, द्यावा लागतो, आणि शर्यतीच्या वेळी श्रवणयंत्र किंवा इम्प्लांटचा बाहेरचा भाग काढून ठेवावा लागतो, म्हणजे सगळे एकाच शांततेत उभे राहतात.

मी पहिल्यांदा अशा स्पर्धेला गेले तेव्हा कॉल रूममध्ये बसले आणि चारही बाजूंनी हात बोलत होते. समोरच्या मुलीने दुसरीला काहीतरी खुणेने सांगितलं, सगळ्या हसल्या, आणि मीही हसले, कारण मला कळलं होतं. त्या वेळी माझं वय सव्वीस होतं.

तुझ्या पत्रात तू अमेरिकेची जलतरणपटू एडर्ली हिच्याबद्दलही विचारलं होतंस, तिलाही कमी ऐकू यायचं का म्हणून. हो, गर्ट्रूड एडर्लीला लहानपणी गोवर झाल्यापासून कमी ऐकू यायचं आणि पुढे ते आणखी गेलं. त्याच १९२४ च्या उन्हाळ्यात, त्याच शहरात, आपल्या स्पर्धेच्या काही आठवडे आधी तिने ऑलिंपिकमध्ये रिलेचं सुवर्ण आणि दोन कांस्यपदकं मिळवली. दोन वर्षांनी, ६ ऑगस्ट १९२६ ला, इंग्लिश खाडी पोहून जाणारी ती पहिली स्त्री ठरली. साधारण साडेचौदा तास, तोवरच्या पुरुषांच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. वीस वर्षांची होती. नंतर तिने न्यूयॉर्कमध्ये कर्णबधिर मुलांना पोहायला शिकवलं. तिच्या गोष्टीचा हा शेवटचा भाग फार कमी लोक सांगतात, म्हणून मी सांगते.

कानाची आणि यंत्राची काळजी तुला माहीतच आहे : पोहून झाल्यावर कान पूर्ण कोरडे झाल्याशिवाय मोल्ड, म्हणजे यंत्राचा कानात बसणारा साचा, घालायचा नाही, यंत्र रात्री सुकवणीच्या डबीत, कान दुखला की सरावापेक्षा डॉक्टर आधी. एक गोष्ट मात्र बहुधा कुणी सांगितली नसेल. ऐकणं आणि तोल सांभाळणं ही दोन्ही कामं आतल्या कानातलीच. मेंदूज्वरासारख्या आजाराने एक गेलं असेल तर दुसरंही कमी झालेलं असू शकतं. उजेडात डोळे ते सांभाळून घेतात, अंधारात किंवा गढूळ पाण्यात वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासं होतं. तुझं ऐकणं कशामुळे गेलं ते तू लिहिलं नाहीस. डोळे मिटून एका पायावर उभी राहून बघ, आणि डॉक्टरांना विचार. तोवर उघड्या पाण्यात एकटी जायचं नाही, रात्री तर नाहीच. पाण्याखाली कधी दिशा चुकली तर तोंडातून थोडी हवा सोड आणि बुडबुडे जातात तिकडे जा. फ्लिप टर्नला भोवळल्यासारखं वाटत असेल तर ते कमजोरपणामुळे नाही. नजर काळ्या रेघेवर आणून ठेवायचा वेगळा सराव लागतो, तो हळूहळू येतो.

दिवसभर ओठ वाचून येणारा थकवाही खराच असतो. शाळा, मग सराव, मग घरी पाहुणे. संध्याकाळी तुला कुणाशीच बोलू नये असं वाटतं, ते तुसडेपण नाही. कोचला सांग की मोठ्या परीक्षेच्या दिवसांत मला सराव जड जातो, आणि त्यामागचं कारणही सांग. घरी अर्धा तास सगळं बंद करून बस. यंत्र काढून, डोळे मिटून. मी अजूनही बसते.

पुढे मोठ्या स्पर्धांना गेलीस की उत्तेजक चाचणी होईल. तिथे प्रतिनिधी बरोबर नेता येतो आणि दुभाषीही मागता येतो. काय लिहिलंय ते समजल्याशिवाय सही करू नकोस, मागे कितीही लोक थांबलेले असोत.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेचं लिहिलंयस, २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक. माझीच शर्यत. अर्ज भरायची मुदत अजून गेलेली नसेल. आज बस आणि त्यात ती ओळ लिही. मग स्पर्धेच्या सकाळी दिवा कुठे ठेवलाय ते ब्लॉकवर वाकून बघ आणि मला एका कागदावर चित्र काढून पाठव : ब्लॉक, तू, दिवा, स्टार्टर, आणि दोरी सोडणारा माणूस कुठे उभा होता ते. वेळ काय लागली हे नंतर सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
ताई